मधली बाटली कोरडी होती

भुकटी दाबून केलेल्या तिसऱ्या गोळीचीही रेघ वरच गेली, तेव्हा मी स्क्विड मॅग्नेटोमीटरसमोर, म्हणजे अगदी क्षीण चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रासमोर, डोकं धरून बसले. २५ केल्व्हिनच्या (उणे २४८ अंश सेल्सियस) जरा खाली आलं की गोळी अतिवाहक व्हायला, म्हणजे विनारोध वीज वाहू देऊन चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलायला लागते, आणि रेघ शून्याच्या पार कोसळायला हवी होती. ती आपली निओडिमियमच्या स्वतःच्या चुंबकत्वापायी, थंडी वाढेल तशी चढत राहिली. द्रवरूप हेलियम संपत आलेलं आणि सकाळी यंत्र दुसऱ्या गटाचं.

इंदूरला पीएचडीचं माझं दुसरं वर्ष. पदार्थ निओडिमियम-सिरियम-कॉपर ऑक्साइड. बाकीच्या ताम्र-ऑक्साइड अतिवाहकांतून बहुधा इलेक्ट्रॉन काढून घेतात, इथे ते वाढवायचे: तीन धनभारांच्या निओडिमियमच्या काही जागा चार धनभारांच्या सिरियमला द्यायच्या. जपानी शास्त्रज्ञ तोकुरा, ताकागी आणि उचिदा यांनी १९८९ मध्ये हे दाखवून दिलं. पण या घराण्यात अतिवाहकतेच्या आड येणारं चुंबकत्व भलतंच चिवट. शेजारच्या अणूंची चुंबकं उलटसुलट तोंडं करून उभी असतात. लँथेनम-कॉपर ऑक्साइड या भावंडात सूत्रातलं स्ट्रॉन्शियम ०.०२ झालं की ती शिस्त मोडते, आमच्याकडे सिरियम ०.१० झालं तरी मोडत नाही. शिवाय ०.१५ ला पोचूनही हवेत भाजलेली गोळी अतिवाहक नसतेच. तिला आर्गॉनमध्ये ९०० अंशांच्या वर पुन्हा तापवून चिमूटभर ऑक्सिजन काढावा लागतो. चिमूटभर म्हणणंही जास्तच झालं. सूत्रातल्या ४ मधले काही शंभरांश.

माझा संशय तराजूवर. निओडिमियम ऑक्साइड ओल धरतं, मग वजन फसतं आणि सिरियमचं प्रमाण चुकतं; आणि जुलैतलं इंदूर काही कोरडं नसतं. मी भुकटी तापवून पुन्हा वजन केली, क्ष-किरणांनी तपासली. सगळं चोख. अर्थात त्या चित्रात जड धातूंच्या गर्दीत एवढासा ऑक्सिजन कुठे दिसणार?

दुपारी भट्टीवाले काका आले. निवृत्तीला आलेले, मूळचे ग्वाल्हेरचे. त्यांनी आलेख पाहिलाच नाही. नळीतून बाहेर पडणारा वायू जिथे तेलातून बुडबुडत जातो तिथे वाकून बसले. तेल उलट चढलंच तर भट्टीत जाऊ नये म्हणून मध्ये एक रिकामी बाटली असते, तिच्याकडे बोट दाखवत म्हणाले,
"रात्री आर्गॉन कमी केला होतास का ग?"
"बंदच केला, काका. भट्टी उतरायला लागल्यावर. सिलिंडर संपत आला होता."
"मग या बाटलीत तेल का नाही?"

मला कळेना. काका खुर्ची ओढून बसले.
"गार होताना आतला वायू आकसतो. तेल ओढलं जाऊन इथे यायला हवं. आलं नाही, म्हणजे आतली जागा भरायला दुसरीकडून हवा आली."

घरच्या गॅसला लावतो तसा साबणाचा फेस नळीच्या टोपणाला लावला. आर्गॉन सोडताच रबरी कड्यापाशी फुगा आला. कडं उष्णतेनं तडकलेलं. रात्रभर काढलेला ऑक्सिजन माझ्या गोळ्या पहाटे, अजून लाल असताना, परत गिळत होत्या. आणि मी पंधरा दिवस सिरियमला शिव्या घालत होते!

कडं बदललं. काकांनी बजावलं, नवी गोळी करायची नाही, याच परत भाज. मला ते कंजूषपणाचं वाटलं, पण ऐकलं. एक गोळी भट्टीतच फुटली. पहिली मात्र पुढच्या पाळीत शून्य चुंबकीय क्षेत्रात गार केली, मग १० ओर्स्टेडचं हलकं क्षेत्र लावलं आणि हळूहळू वर आणायला लागले. ५ केल्व्हिनला आकडा ऋण, चांगला खोल. १५ ला ऋण. २२ च्या पुढे सावकाश शून्य ओलांडून तीच जुनी, निओडिमियमची रेघ.

पहाटेचे साडेचार वाजले होते. काकांना फोन केला. पलीकडून आधी खोकला आणि मग प्रश्न: "बाटलीत तेल आलं होतं का?"