मुलाखतीला न आलेल्या मुली

बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात एका संस्थेने शाळाबाह्य किशोरींसाठी वर्षभर आरोग्य आणि जीवनकौशल्यांचे वर्ग चालवले होते. त्यांच्या मूल्यमापनाचे काम माझ्याकडे होते.

वर्ग सुरू होण्यापूर्वी पहिली पाहणी केली, तेव्हा "घरात तुझे मत विचारतात का?" या प्रश्नाला, दारात आई उभी असल्यामुळे, प्रत्येक मुलगी "हो" म्हणत असे. म्हणून पालकांच्या संमतीबरोबर मुलीचीही संमती घेऊन आम्ही अंगणवाडीत एकेकीशी बोलू लागलो आणि "मागे आजारी पडलीस तेव्हा आधी कोणाला सांगितलेस, दवाखान्यात कोणी नेले?" असे विचारू लागलो. लोहाच्या निळ्या गोळीचेही तसेच होते. नोंदवहीत वाटप पूर्ण दिसे, पण उपाशीपोटी मळमळते म्हणून कितीतरी गोळ्या घरातल्या कोनाड्यात पडून होत्या.

दुसरी पाहणी मार्चअखेरपूर्वी उरकावी, असा संस्थेचा आग्रह होता. फेब्रुवारीत आम्ही गेलो, तेव्हा अर्धी वस्ती ऊसतोडीला गेलेली होती. भेटलेल्या मुलींचे हिमोग्लोबिन वाढलेले होते, त्या धीटपणे बोलत होत्या आणि तेवढ्यावर अहवाल उत्तम झाला असता. मला ते पटले नाही. आशाताईंसोबत बसून मी यादीतील एकेक नाव विचारत गेले. काही मुली कोपीवर, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीवर, धाकट्या भावंडांना सांभाळत होत्या, तर काहींची लग्ने झाली होती. मजूर नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, नवरा-बायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळते; त्यामुळे लग्न लवकर उरकले जाते. शिवाय वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा आईबापांचा प्रश्न खरा असतो. कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय 18 वर्षे ठरवले, तरी या प्रश्नाचे उत्तर वर्गातही आम्ही दिलेले नव्हते.

साखर कारखान्यांचा पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, एप्रिलमध्ये मी पुन्हा गेले. नुकतेच लग्न झालेली सोळा वर्षांची एक मुलगी माहेरी आली होती. तिने यादीकडे पाहून विचारले, "ताई, माझे नाव काढले का? मी सगळ्या वर्गांना आले होते." तिचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या, म्हणजे रक्तक्षय ठरवण्याच्या मर्यादेच्या, बरेच खाली होते.

अहवालात आम्ही फेब्रुवारीत भेटलेल्या मुलींचे आणि मूळ यादीतील सर्व मुलींचे निष्कर्ष शेजारी-शेजारी मांडले. दुसऱ्या रकान्यातील सुधारणा पुष्कळच कमी दिसत होती. पुढील तुकडीची पाहणी संस्थेने आता मे महिन्यात ठेवली आहे.