लॅटिन नावांची प्रगती: दुसऱ्या शब्दावर जोर, आणि सगळे चाफे एकदाचे सुटे झाले

मंडळी, झाडांची लॅटिन नावं शिकायचं माझं चालूच आहे. प्रत्येक नाव दोन शब्दांचं असतं, आणि या मोसमात मी सगळा जोर दुसऱ्या शब्दावर लावलाय. पहिला शब्द तसा आपल्या सगळ्यांच्याच कानावरून गेलेला असतो, हिबिस्कस, जॅस्मिनम, फायकस, मॅग्नोलिया वगैरे, बागकाम करणारा माणूस ते न शिकता शिकतो. गाडी अडते ती पुढे. कुठलं जॅस्मिनम? कुठला फायकस? आणि खरी मजा तिथेच आहे असं माझं आता ठाम मत झालंय, कारण पहिला शब्द फक्त घराणं सांगतो आणि दुसरा शब्द बहुतेक वेळा झाडाकडे बोट दाखवून सांगतो की इथे बघ.

हे असं का झालं तेही थोडक्यात सांगते कारण मला त्याचा पाठांतरात खूप उपयोग झाला. लिनियस म्हणजे ही दोन शब्दांची पद्धत रुजवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ, त्याच्या आधी झाडाचं लॅटिन नाव म्हणजे एक लांबलचक वर्णन असायचं, पान असं, फूल तसं, खोड अमुक. १७५३ साली त्याचं स्पेसीज प्लँटारम हे पुस्तक आलं त्यातही ही लांब वर्णनं होतीच, पण प्रत्येक झाडासमोर कडेच्या समासात त्याने एक सुटसुटीत शब्द छापला, आणि पुढे तोच शब्द टिकला. म्हणजे आपण जो दुसरा शब्द घोकतो तो एका अख्ख्या वर्णनाच्या जागी आलेला आहे. हे कळल्यापासून मी शब्द पाठ करणं सोडलं आणि पानाजवळ जाऊन तो शब्द शोधायला लागले.

उदाहरण घ्या जुईचं. जॅस्मिनम ऑरिक्युलॅटम. ऑरिक्युला म्हणजे छोटा कान. आता जुईचं पान देठापाशी नीट बघा, मोठ्या पानाच्या खाली दोन्ही बाजूंना दोन इवलीशी पानं असतात, कधी कधी इतकी बारीक की नजरेतून सुटतात, तेच ते कान. एकदा बोटाने चाचपून बघितले की नाव आयुष्यात विसरत नाही. जाई म्हणजे जॅस्मिनम ग्रँडिफ्लोरम, मोठ्या फुलाची, आणि जुईशेजारी जाई धरली की मोठं कशाच्या मानाने ते लगेच समजतं. मोगऱ्याचं सँबॅक मात्र वर्णन नाही, तो अरबीतून आलेला शब्द आहे, तिथे बघण्यासारखं काही नाही, सरळ पाठच करायचा.

तेरड्याचं तर सगळ्यात सोपं. इम्पेशन्स म्हणजे ज्याला धीर नाही असा. तेरड्याचं पिकलेलं फुगीर बोंड चिमटीत धरा, नुसता हात लागला की फट्कन उलतं, सालीच्या पट्ट्या आत गुंडाळल्या जातात आणि बिया उडून कुठच्या कुठे. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांनी हे नाव मुलांना असंच शिकवा, पाठ करून घ्यावं लागत नाही. पानफुटीचं ब्रायोफिलम पण त्यातलंच, ब्रायो म्हणजे कोंब फुटणं आणि फिलम म्हणजे पान, आपल्याकडच्या नावात आणि ग्रीक नावात काडीचा फरक नाही.

आता मुख्य गोष्ट, जी मला सांगायचीच होती. आपल्या मराठीचा यात प्रचंड फायदा आहे आणि कुणी फारसं बोलत नाही. लॅटिनमध्ये तीन लिंगं आहेत आणि विशेषण नामाप्रमाणे बदलतं, आणि इंग्रजीवरून शिकणाऱ्या लोकांच्या यात नाकी नऊ येतात कारण त्यांच्याकडे विशेषण हलतच नाही. आपल्याकडे? पांढरा चाफा, पांढरी जाई, पांढरं कमळ. लॅटिनमध्ये अल्बस, अल्बा, अल्बम. लुपिनस अल्बस, प्लुमेरिया अल्बा, सँटॅलम अल्बम म्हणजे चंदन. आपण जन्मल्यापासून हेच करतोय हो! एवढंच की कुठला शब्द कुठल्या लिंगाचा ते लॅटिनचं वेगळं, पण शेवट बदलतो ही गोष्ट आपल्या अंगवळणी पडलेली आहे. तिथून मी ठरवलं की नावं तिनाच्या गटात म्हणायची. सटायव्हस सटायव्हा सटायव्हम, इंडिकस इंडिका इंडिकम, असं मोठ्याने. आणि जसं आपल्याकडे लाल चाफा, लाल जास्वंद, लाल कमळ म्हणताना लाल बदलत नाही तशी लॅटिनमध्येही थोडी हट्टी विशेषणं आहेत, म्हणजे ऑफिसिनॅलिस पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी दोन्हीला तेच राहतं, फक्त नपुंसकलिंगी नावापुढे ऑफिसिनॅले होतं. म्हणून साल्विया ऑफिसिनॅलिस पण जॅस्मिनम ऑफिसिनॅले आणि आल्याचं झिंजिबर ऑफिसिनॅले.

याचं सगळ्यात झकास उदाहरण म्हणजे आपला मनी प्लांट. त्याला आधी पोथॉस ऑरियस म्हणायचे, मग सिंडॅप्सस ऑरियस, मग रॅफिडोफोरा ऑरिया, आणि आता एपिप्रेम्नम ऑरियम. अर्थ तोच, सोनेरी, पण घराणं बदललं की शेपूट बदललं, आणि या एका वेलीने पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग तिन्ही फिरून बघितलं. हे एक उदाहरण पक्कं केलंत तर अख्खा नियम हातात येतो. अशीच सदाफुली, पूर्वीची विंका रोझिया आता कॅथरँथस रोझियस, आणि मधुमालती म्हणून आपण लावतो तो रंगून क्रीपर, पूर्वीचा क्विस्क्वॉलिस इंडिका आता कॉम्ब्रेटम इंडिकम. (क्विस्क्वॉलिस हे नाव गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं, क्विस म्हणजे कोण आणि क्वॉलिस म्हणजे कसला, इतकं गोड नाव परत होणे नाही. फुलं संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी, मग लाल होतात, तेव्हा हा प्रश्न पडणं अगदी बरोबर आहे.)

एक सावधगिरी मात्र ठेवा. शेवटी अस दिसला म्हणून पुल्लिंग समजू नका. फायकस स्त्रीलिंगी आहे, जुन्या लॅटिनमध्ये बरीच झाडं स्त्रीलिंगीच धरायचे, म्हणून पिंपळ फायकस रिलिजिओसा आणि रबराचं झाड फायकस इलास्टिका. हिबिस्कस मात्र पुल्लिंगी, हिबिस्कस सिरियाकस, हिबिस्कस शायझोपेटॅलस. आपल्या नेहमीच्या जास्वंदीत, म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिसमध्ये, रोझा दिसतं ते विशेषण नाही, ते गुलाब हे नामच आहे, चीनचा गुलाब, म्हणून ते बदलत नाही.

आता चाफे. हे प्रकरण मला बरेच दिवस हाताळायचं होतं आणि या वेळी हात धुवून मागे लागले. आपल्या भाषेत कशाला चाफा म्हणायचं याला काही धरबंधच नाही, सुगंधी असलं की झाला चाफा. लॅटिन नावं लावून बघितली तर काय निघालं बघा. देवचाफा किंवा नुसता चाफा तो प्लुमेरिया, कण्हेरीच्या कुळातला. सोनचाफा मॅग्नोलिया चंपाका, कवठी चाफा मॅग्नोलिया ग्रँडिफ्लोरा, हे दोघेच काय ते खरे भाऊ. हिरवा चाफा आर्टाबॉट्रिस हेक्सापेटॅलस, सीताफळाच्या कुळातला. नागचाफा मेसुआ फेरिया, ज्याचं लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं, फेरिया म्हणजे लोखंडासारखा. आणि भुईचाफा केम्फेरिया रोटुंडा, तो तर झाडच नाही, हळदीच्या कुळातला कंद. म्हणजे सहा चाफे, पाच वेगवेगळी कुळं. लॅटिन नाव कशाला पाहिजे असं कुणी विचारलं की मी आता हीच यादी म्हणून दाखवते, पुढे काही बोलावं लागत नाही.

यातला प्रत्येक मी जवळून बघून पक्का केला. साध्या चाफ्यात पानाचं टोक बघायचं, टोक गोल असेल तर ऑब्ट्युसा, म्हणजे बोथट, आणि टोकदार असेल तर रुब्रा. रुब्रा म्हणजे लाल पण फूल पांढरं, पिवळं, गुलाबी काहीही असू शकतं त्यामुळे रंगावर जाऊच नका, पानावर जा. हिरव्या चाफ्यात हेक्सापेटॅलस म्हणजे सहा पाकळ्या, तीन आत तीन बाहेर, मोजून घ्या. पण माझं लक्ष खिळलं ते फुलाच्या देठाकडे, तो वाकून चक्क आकडा झालेला असतो, चपटा, कडक, आणि त्याच आकड्याने वेल शेजारच्या फांदीला धरून वर चढते. आर्टाबॉट्रिस या नावातच लटकणं आहे आणि द्राक्षाचा घड आहे, फळं आकड्याला घोसाने लटकतात म्हणून. मी तो आकडा बोटात अडकवून नाव म्हटलं आणि ते तिथेच बसलं.

आणि दोन चाफ्यांमधला धागा तर फारच सुंदर आहे. शार्ल प्लुमिए नावाचा फ्रेंच संन्यासी वनस्पतिशास्त्रज्ञ होता, वेस्ट इंडीजमध्ये जाऊन त्याने झाडं गोळा केली. त्याने आपल्या काळातल्या पिएर मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून एका झाडाला मॅग्नोलिया म्हटलं. आणि स्वतः प्लुमिएच्या नावावरून झाला प्लुमेरिया. म्हणजे देवचाफा ज्याच्या नावाचा, त्यानेच सोनचाफ्याच्या घराण्याला नाव दिलं! फुक्सिया आणि बिगोनिया ही नावंही प्लुमिएनेच दिलेली. हे वाचल्यापासून मला ही चारही नावं एका दोरीत लागतात, एक आठवलं की चौघं हजर.

माणसांवरून पडलेल्या नावांसाठी मी वेगळी वही केलीय. झिन्, डाल, गार्डन, बुगँव्हिल, म्हणजे झिनिया, डेलिया, गार्डेनिया आणि बोगनवेल ज्यांच्या नावांवरून आली ती माणसं. गार्डेनियाचा बागेशी काही संबंध नाही, अलेक्झांडर गार्डन नावाचा डॉक्टर होता, आणि आपला अनंत म्हणजे गार्डेनिया जॅस्मिनॉइडीस, जाईमोगऱ्यासारखा दिसणारा. ऑइडीस दिसलं की सारखा, सारखी, हे धरून चालायचं. दुसऱ्या शब्दात माणूस असेल तर षष्ठी विभक्ती समजा, कढीपत्त्याचं कोएनिगी म्हणजे कोनिगचं, जर्बेराचं जेम्सोनी म्हणजे जेम्सनचं, आणि स्ट्रेलिट्झिया रेजिनी म्हणजे राणीची.

देशांच्या नावांवर मात्र डोळे झाकून विश्वास ठेवू नका. कर्दळ कॅना इंडिका आहे पण मूळची अमेरिका खंडातली. हिबिस्कस सिरियाकस पूर्व आशियातला. नाव देणाऱ्याला ते जिथून आलंय असं वाटलं ते त्याने लिहिलं, आणि नियमाप्रमाणे आधी दिलेलं नाव चुकीच्या पत्त्यापायी बदलता येत नाही.

नाव बदलण्यावरून बरेच जण वैतागतात ते मी समजू शकते, स्नेक प्लांट सॅन्सेव्हिएरियाचा ड्रॅसीना झाला, रोझमेरी तर साल्विया झाली. पण कारण बघितलं की राग जातो. रोझमेरीचा ऑफिसिनॅलिस पुढे का चालवला नाही? कारण साल्विया ऑफिसिनॅलिस म्हणजे सेज आधीच तिथे बसलेला होता, एका घराण्यात एका नावाची दोन झाडं चालत नाहीत, म्हणून साल्विया रोझमेरिनस. मी पाटीवर नवं नाव वर लिहिते आणि जुनं बारीक अक्षरात खाली, कारण नर्सरीत अजून जुनंच चालतं आणि दोन्ही यायला हवीत.

पाट्यांवरून आठवलं, पेन्सिलने लिहा. मार्कर उन्हात उडतो, साधी शिसपेन्सिल प्लास्टिकच्या खरबरीत पट्टीवर कितीतरी जास्त टिकते. आणि पाटी झाडामागे तोंड फिरवून खोचा. पाणी घालताना आधी नाव आठवायचं, मोठ्याने म्हणायचं, मग पाटी वळवून बघायची. समोर पाटी दिसत असेल तर आपण वाचतो, आठवत नाही, आणि डोक्यात बसतं ते आठवल्याने. ज्या झाडांची नावं येतात त्यांच्याकडे दोन-चार दिवसांनी गेलं तरी चालतं, अडणाऱ्यांकडे रोज. उच्चाराची फार चिंता करू नका, वेगवेगळ्या देशांतले लोक वेगवेगळं म्हणतात, मी देवनागरीत जसं लिहिते तसंच म्हणते, आणि प्रत्येक अक्षर स्पष्ट म्हटलं की स्पेलिंगही आपोआप येतं.

पुढचा मुक्काम अळूच्या कुळातल्या कुंड्यांचा, म्हणजे फिलोडेंड्रॉन, अँथुरियम, सिंगोनियम, मॉन्स्टेरा सगळी मंडळी. यात बहुतेक नपुंसकलिंगी आहेत त्यामुळे अमने संपणारी नावं रांगेने येतात, फिलोडेंड्रॉन हेडरेसियम, सिंगोनियम पोडोफिलम, अँथुरियम अँड्रिएनम. मॉन्स्टेरा डेलिसिओसा तेवढी स्त्रीलिंगी. आणि अ‍ॅग्लोनेमा बघा, शेवटी आ असूनही अ‍ॅग्लोनेमा कम्युटॅटम, कारण नेमा म्हणजे धागा हा ग्रीक शब्द नपुंसकलिंगी आहे. असे आ वर संपणारे पण नपुंसकलिंगी असलेले आणखी कुठले तुमच्या बागेत असतील तर नक्की लिहा, मी त्यांची एक वेगळी रांग लावतेय.