फॉक्सपी३ची अँटिबॉडी केंद्रकापर्यंत नेताना

प्रयोगशाळेत रुजू होऊन महिना झाला असेल. मॅडमनी एक गडद रंगाची छोटी कुपी माझ्यासमोरच्या बर्फात खोचली आणि म्हणाल्या, "फॉक्सपी३ची अँटिबॉडी आहे. हिच्यावर आधी तुझा विश्वास बसू दे, मग रुग्णांच्या नमुन्यांकडे वळू." अँटिबॉडी म्हणजे एका ठरावीक प्रथिनालाच चिकटणारं प्रथिन. हिला चमकणारा रंग जोडलेला असतो; ती पेशींना लावायची आणि फ्लो सायटोमीटर या मशीनवर एकेका पेशीची चमक मोजून आलेखावर ठिपक्यासारखी बघायची. आठवडाभराचं काम असेल असं मी धरून चालले होते. लागले चार महिने. प्रोटोकॉलच्या कागदावर यातलं निम्मंसुद्धा लिहिलेलं नसतं, म्हणून जे जे अडलं ते सगळं इथे मांडते आहे.

आपल्या टी पेशी आपल्याच अवयवांवर तुटून पडू नयेत म्हणून शरीरात एक पहारा असतो, नियामक टी पेशींचा. फॉक्सपी३ हे प्रथिन त्या पेशींचा कारभार चालवतं. १९४०च्या दशकात उंदरांच्या एका वाणात खवलेदार कातडीची नर पिल्लं आपोआप जन्माला आली होती, ती काही आठवड्यांतच मरायची. त्यांच्यात नेमकं कोणतं जनुक बिघडलं आहे हे २००१ मध्ये मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी दाखवलं. त्याच जनुकातल्या दोषामुळे मुलग्यांना आयपेक्स हा आजार होतो: तान्ह्या वयातच मधुमेह, न थांबणारे जुलाब, अंगभर इसब. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्येच या पहारेकरी पेशी सीडी२५ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाच्या खुणेवरून वेगळ्या काढल्या होत्या. तिघांना २०२५चं नोबेल मिळालं. त्या तान्ह्या मुलांबद्दल पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आणि तेव्हापासून हे प्रथिन माझ्यासाठी आलेखावरचा नुसता एक अक्ष राहिलं नाही.

पहिला प्रयत्न पूर्ण कोरा गेला. सीडी४ (टी पेशींच्या ज्या मोठ्या गटात नियामक पेशी येतात त्याची खूण) छान दिसला, सीडी२५ दिसला, फॉक्सपी३च्या जागी काहीच नाही. मी सायटोकाइनसाठी (पेशी एकमेकींना निरोप द्यायला बनवतात त्या प्रथिनांसाठी) वापरतात तो नेहमीचा संच वापरला होता, म्हणजे आधी फॉर्मल्डिहाइडने पेशी पक्क्या करायच्या आणि मग सॅपोनिन या साबणासारख्या द्रव्याने पेशीच्या पटलाला भोकं पाडायची. सॅपोनिन पटलातल्या कोलेस्टेरॉलवर काम करतं. बाहेरच्या पटलात ते भरपूर असतं, केंद्रकाच्या पटलात फार कमी. सायटोकाइन पेशीद्रवात असतात, त्यामुळे तिथे एवढ्यावर भागतं. फॉक्सपी३ मात्र केंद्रकात डीएनएला धरून बसलेलं असतं. केंद्रकाच्या पटलाला स्वतःची छिद्रं असतात, पण सुमारे ४० किलोडाल्टनपेक्षा मोठा रेणू त्यांतून आपसूक आत जाऊ शकत नाही. माझी अँटिबॉडी एकटीच १५० किलोडाल्टनची, वर तिला जोडलेलं पीई हे चमकणारं प्रथिन २४०चं. म्हणजे ती दारापर्यंत गेली, आणि धुताना तिथूनच परत आली. ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरसाठीचं, म्हणजे फॉक्सपी३सारख्या डीएनएवर बसून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांसाठीचं, वेगळं बफर मागवलं, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली.

मग अडचण उलटी झाली. आता सगळंच चमकायला लागलं. सीडी४च्या ठिपक्यांचा अख्खा ढग उजवीकडे सरकलेला, मध्ये फट नाही, गेट, म्हणजे चमकणाऱ्या आणि न चमकणाऱ्या पेशींमधली सीमा, कुठे आखायचा तेच कळेना. अँटिबॉडीच खराब आहे असं मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. शेजारच्या टेबलावर काम करणारी ताई माझ्या मागे येऊन उभी राहिली, आलेख बघितला आणि एवढंच विचारलं, "शेवटचं धुणं कशात केलंस?" साध्या बफरमध्ये केलं होतं. सॅपोनिनने पाडलेली भोकं सॅपोनिन असेपर्यंतच उघडी राहतात. ते काढलं की मिटतात. न चिकटलेली अँटिबॉडी आत आणि दार बंद, असं मी स्वतःच्या हाताने करून ठेवलं होतं. तेव्हापासून अँटिबॉडी घालण्याआधीचं आणि नंतरचं, दोन्ही धुणी सॅपोनिनच्याच बफरमध्ये, आणि अँटिबॉडीनंतर एकदा नाही, दोनदा.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट हातातून निसटत होती, अगदी अक्षरशः. पक्क्या केलेल्या, भोकं पाडलेल्या पेशी नेहमीसारख्या तळाशी बसत नाहीत. जिवंत पेशींचा गोळा पांढरा, ठळक असतो. इथे नळी उजेडाकडे तिरपी धरली की तळाला चिकटलेला एक धुरकट पापुद्रा तेवढा दिसतो, आणि वरचं पाणी ओतताना तोही सहज वाहून जातो. दहा लाख पेशी घेऊन बसायचं आणि मशीनवर जेमतेम लाखभर मोजल्या जायच्या. सेंट्रिफ्यूजचा जोर ४०० जीवरून (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पटीवरून) ६०० जीवर नेला, ओतणं बंद करून पिपेटने वरचं पाणी हळू खेचायला लागले आणि तळाशी थोडं शिल्लक ठेवायला लागले. पेशी वाचल्या.

मेलेल्या पेशींनी माझा जवळजवळ एक महिना घेतला. त्या कुठलीही अँटिबॉडी ओढून घेतात आणि खोटी चमक देतात. मेलेल्या पेशी ओळखायचं नेहमीचं रंगद्रव्य, प्रॉपिडियम आयोडाइड, इथे कामाचं नाही, कारण भोकं पाडल्यावर सगळ्याच पेशी त्याला मेलेल्या वाटतात. त्यासाठी पेशी पक्क्या करण्याच्या आधी प्रथिनांना कायमचं चिकटणारं रंगद्रव्य द्यावं लागतं, तेही सीरम नसलेल्या बफरमध्ये. नाहीतर सीरममधली प्रथिनंच ते पिऊन टाकतात. मी आधी सीरमसकटच देत होते.

मग टायट्रेशन, म्हणजे अँटिबॉडी नेमकी किती घालायची ते ठरवणं. माहितीपत्रकात दर चाचणीला ५ मायक्रोलिटर लिहिलं होतं. मी सहा नळ्या मांडल्या: ५, २.५, १.२५, ०.६, ०.३ आणि एक अँटिबॉडीशिवाय. पेशी तितक्याच, आकारमान तितकंच, वेळ तितकाच. ५ मायक्रोलिटरला फॉक्सपी३वाल्या पेशी सर्वांत उजळ होत्या हे खरं, पण नसलेल्या पेशीही तेवढ्याच वर चढलेल्या. १.२५ला उजळपणा जरासा घटला आणि मागची पार्श्वभूमी धाडकन खाली आली. दोन ढगांमध्ये स्वच्छ मोकळी जागा मला त्या नळीत पहिल्यांदा दिसली. मी मॅडमना बोलावून आणलं. त्यांनी आलेख बघितला, काही बोलल्या नाहीत, वहीतल्या त्या ओळीखाली स्वतः पेनाने रेघ मारली.

गेटची रेषा आखताना आयसोटाइप कंट्रोलवर, म्हणजे तशाच घडणीच्या पण पेशीतलं काहीच न ओळखणाऱ्या अँटिबॉडीवर, मी फार विसंबत नाही. ती दुसरीच अँटिबॉडी, तिचं चिकटणं तिचं तिचं. त्याऐवजी फॉक्सपी३ सोडून बाकी सगळे रंग घातलेली एक नळी ठेवते, आणि त्याहून जास्त भरवसा त्याच नळीतल्या सीडी२५ नसलेल्या सीडी४ पेशींवर ठेवते. सगळ्या पायऱ्या त्यांनीही सोसलेल्या असतात. त्या जर वर चढल्या, तर स्टेनिंगच चुकलं.

इथे काम संपलं असं वाटलं होतं. अँटिबॉडी चालते याची आणखी एक खात्री म्हणून मी साध्या टी पेशींना सीडी३ आणि सीडी२८ या त्यांच्यावरच्या प्रथिनांना डिवचणारे मणी देऊन तीन दिवस उत्तेजित केलं. त्यांच्यात फॉक्सपी३ नसणार, म्हणून त्यांना मी नकारात्मक नमुना धरलं होतं. आलेख उघडला तर त्यांतल्या कितीतरी पेशी उजवीकडे, मध्यम उजळ. पुन्हा धुणं तपासलं, मेलेल्या पेशी तपासल्या, अँटिबॉडीचं प्रमाण तपासलं. सगळं ठीक होतं. अँटिबॉडी खरंच बोलत होती, चुकीचं गृहीतक माझं होतं. माणसाच्या साध्या टी पेशी उत्तेजित झाल्या की काही काळ फॉक्सपी३ बनवतात आणि तरी पहारेकरी होत नाहीत. उंदरांत ही खूण बरीच स्वच्छ असते. माणसात नुसत्या फॉक्सपी३वर बोट ठेवून "ही नियामक पेशी" म्हणता येत नाही. दाहक आजार असलेल्या रुग्णाच्या रक्तात तर उत्तेजित पेशी भरपूर असणार. हे लक्षात न घेता मी नमुने मोजले असते, तर आजारपणात पहारा वाढतो असा उरफाटा निष्कर्ष माझ्या हातून निघाला असता. त्या विचाराने आजही पोटात कालवतं.

म्हणून आता सोबत सीडी१२७ ही आणखी एक खूण असते. खऱ्या नियामक पेशींवर ती कमी असते, हे २००६ मध्ये दाखवलं गेलं, आणि ती पेशीच्या बाहेर असल्याने पेशी जिवंत ठेवूनही वेगळ्या काढता येतात. सीडी४५आरए ही खूणही घालते, कारण साकागुचींच्याच गटाने २००९ मध्ये फॉक्सपी३वाल्या पेशींचे तीन भाग वेगळे करून दाखवले. त्यांतला एक, सीडी४५आरए नसलेला आणि फॉक्सपी३ कमी असलेला, इतर टी पेशींना दडपण्याचं काम करतच नाही.

अँटिबॉडी निवडताना अजून एक बघा. माणसात फॉक्सपी३ची दोन मुख्य रूपं बनतात, एक पूर्ण आणि एक दुसरा एक्सॉन (जनुकाचा एक तुकडा) गाळलेलं. अँटिबॉडी नेमकी त्या दुसऱ्या एक्सॉनवरच बसणारी असेल, तर आखूड रूप तिला दिसतच नाही. वेगवेगळ्या क्लोनचे, म्हणजे एकाच प्रथिनाविरुद्धच्या वेगवेगळ्या अँटिबॉडींचे, आकडे शेजारी ठेवण्याआधी त्या प्रथिनावर कुठे बसतात ते तपासा.

आता निरोगी माणसाच्या रक्तात सीडी४ पेशींतल्या पाच-सहा टक्के पेशी, सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी, फॉक्सपी३ उजळ, अशा आलेखाच्या कोपऱ्यात एकत्र दिसतात. पुन्हा केलं तरी तिथेच दिसतात.

परवा नवी कुपी आली. क्लोन तोच, पीई तेच, लॉट क्रमांक, म्हणजे बनवण्याची खेप, वेगळा. जुन्या कुपीतलं थोडं मुद्दाम राखून ठेवलं होतं. उद्या एकाच रक्ताच्या पेशींवर जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावायची आहे. नळ्यांवर नावं घालून झाली आहेत.