गांधीलमाशीची दुपार

एप्रिलची दुपार, दोनचा सुमार. सगळी सोसायटी पडदे ओढून आडवी. मी गॅलरीतल्या कुंडीखालच्या ताटलीत पाणी घालायला गेले, तर काठावर गांधीलमाशी. पाणी घेतलं, छज्ज्याखाली गेली, परत आली. पुन्हा तेच. एवढी कसली तहान?

मान वाकडी करून पाहिलं, तर वर करडं कागदी पोळं. कुणाच्या तरी दाराची चौकट खरवडून, थुंकीत मळून केलेलं. त्यावर ती पाण्याचे थेंब ठेवत होती आणि बाकीच्या पंखांनी वारा घालत होत्या. पाणी वाळतं तसं पोळं निवतं, आतल्या अळ्या भाजत नाहीत. वाळ्याचा पडदा भिजवून पंखा लावावा तसं, फक्त वीजबिल नाही.

थंडीत या ओळखू येत नाहीत. पुण्यात पारा 10 च्या खाली गेला की सकाळी पोळ्याला चिकटून गप्प. अंग तापल्याशिवाय उडायचे स्नायू नीट चालत नाहीत, तेव्हा ऊन येईपर्यंत सुट्टी. तरी आपल्याकडच्या बऱ्या. युरोपात थंडीत अख्खी वसाहत मरते, तगतात त्या फक्त नव्या राण्या. आपल्याकडची रोपालिडिया मार्जिनाटा जातीची गांधीलमाशी मात्र बाराही महिने संसार करते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकरांनी या एका माशीमागे कित्येक दशकं घालवली. मला त्यांचा हेवा वाटतो.

हे थंडीचं शास्त्र आमच्या मामाला पक्कं ठाऊक होतं. शनिवार पेठेतल्या वाड्यात पोळं काढायचं ते डिसेंबरातल्या पहाटेच. मफलर, माकडटोपी, वर कांबळं, हातात बांबूला बांधलेला पेटता बोळा. आम्ही पोरं गोधड्यांसकट जिन्यात.

आजी चिडायची. "अरे, पोराबाळांचं घर ते. झोपेत काय जाळतोस?"

"आई, तू चुना तयार ठेव."

चुना लागायचाच. एखादी नेमकी चुलीकडच्या भिंतीवर असायची, उबेला, चांगली जागी.

परवा फवारणीवाला आला तो साडेबाराला. म्हटलं, दादा, या वेळी? निम्म्या बाहेर, उरलेल्या तापलेल्या. चहा पाजून परत पाठवला.

ह्यांचं म्हणणं, मग डिसेंबरात आपणच काढू. काढा म्हटलं. मी चुना आणून ठेवते.