रॅम्प होता, पण तिला चढता येत नव्हता

यू-डायसच्या, म्हणजे शाळेने दरवर्षी सरकारला द्यायच्या माहितीत ‘रॅम्प आहे’ असं मी सलग चार वर्षं भरत आले. मुख्याध्यापिका म्हणून सही माझीच. मुख्य दारासमोर सिमेंटचा उतार होता, त्यामुळे आपण काही चुकीचं भरतोय असं मला कधी वाटलंही नाही. 2025 च्या जूनअखेर शाळा उघडली आणि पाचवीत एक मुलगी व्हीलचेअरवर आली. तिचे वडील इथे नागपुरात सक्करदऱ्याकडे ऑटो चालवतात. रोज सकाळी ते आणि आमचे शिपाईभाऊ मिळून खुर्ची उलटी ओढत वर न्यायचे. जुलैतल्या एका पावसात भाऊंचा पाय घसरला आणि खुर्ची मागे कलली. वडिलांनी ती छातीवर झेलली. पोर रडली नाही, पण तिने चाकं इतकी घट्ट धरली होती की तळव्यांवर वळ उठले. ते वळ पाहिल्यावर मला दिवसभर काही सुचलं नाही.

त्याच महिन्यात, 25 जुलैला, राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदीला शाळेचं छत कोसळून सात मुलं गेली. आमची इमारत जुनी, वरच्या मजल्यावर एका वर्गात गिलावा सुटलेला. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत पालकांनी थेट विचारलं, आपल्या छताचं काय? स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, आणि सुगम्यतेची, म्हणजे दिव्यांगांना इमारत वापरता येते का याची तपासणी, दोन्ही एकदमच करायचं ठरलं.

संस्थेच्या मंडळींना पटवायला वेळ लागला. “मॅडम, रॅम्प तर हाये ना, अजून काय पाह्यजे?” हा प्रश्न मी तीनदा ऐकला. शेवटी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 16 वाचून दाखवलं. शाळेची इमारत आणि आवार दिव्यांग मुलांना वापरता आलं पाहिजे, असं त्यात स्पष्ट आहे. 8 नोव्हेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही सुगम्यतेचे किमान नियम ऐच्छिक ठेवून चालणार नाही, असं बजावलं आहे. मग कोटेशन मागवायला होकार मिळाला.

सुगम्यता तपासायला आलेल्या ताईंनी आधी फाईल मागितलीच नाही. त्या मुलीला म्हणाल्या, “तू पुढे चाल, शाळा दाखव मला.” टेप लावला. जोतं 60 सेंटिमीटर उंच, उतार जेमतेम दोन मीटर लांब. प्रमाण 1:12 हवं, म्हणजे एवढ्या उंचीला 7.2 मीटर लांबी लागते. आमचा उतार साडेतीन पटींनी खडा होता. स्वच्छतागृहाच्या दाराची मोकळी रुंदी 60 सेंटिमीटर आणि तिची खुर्ची 62. दार किमान 90 चं हवं. ताईंनी विचारलं, मग तू काय करतेस? ती खाली बघत म्हणाली, “मी शाळेत पाणीच नाही पीत.” साडेपाच तास! नागपूरच्या एप्रिलमध्ये हे लेकरू काय करणार होतं, या विचाराने माझ्या पोटात खड्डा पडला.

स्ट्रक्चरल अभियंत्यांनी छत हातोडीने ठोकून पाहिलं. जिथे आवाज पोकळ, तिथे खडूने गोल. पाण्याच्या टाकीखालच्या वर्गात असे सात गोल झाले. मग काँक्रीटला छोटं भोक पाडून त्यांनी फेनॉल्फ्थॅलीन शिंपडलं. आमच्या विज्ञानाच्या सरांनी ते लगेच ओळखलं, दहावीच्या प्रयोगातलंच. काँक्रीटचा अल्कधर्मी गुण शाबूत असेल तर ते गुलाबी होतं, आणि तोवर आतली सळई गंजापासून सुरक्षित असते. आमच्याकडे सळईच्याही आतपर्यंत रंग आलाच नाही. त्या दिवशी तो वर्ग बंद केला. नववीची तुकडी ग्रंथालयात बसवली.

खिडक्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तिरप्या भेगा काळ्या मातीमुळे होत्या. ती पावसात फुगते आणि सुकली की आक्रसते. त्यांनी तीन भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या आणि बाजूला पेन्सिलीने तारीख लिहिली. भेग हलली तर काच तडकते. नोव्हेंबरात माती सुकू लागली आणि मधली पट्टी तडकली, बाकी दोन टिकल्या. त्या एका कोपऱ्याचा पाया मजबूत करावा लागला.

ही तपासणी आधी झाली हे फार बरं झालं. नाहीतर ठेकेदार नवा रॅम्प जुन्या जोत्याला जोडूनच बांधणार होता. अभियंत्यांनी रॅम्पखालची काळी माती काढून मुरूम भरायला लावला आणि माती हलली तरी रॅम्प व इमारत एकमेकांना ओढू नयेत म्हणून मधला सांधा मोकळा ठेवला. समोर जागा पाचच मीटर, म्हणून रॅम्पला वळसा दिला. वळणावर दीड मीटरचा चौकोनी थांबा, दोन्ही बाजूंना 76 आणि 90 सेंटिमीटरवर दुहेरी कठडे. जानेवारीत काम झालं, स्वच्छतागृहाचं दारही रुंद झालं.

आता ती एकटी वर येते. वळणावर थांबून मैत्रिणींची वाट बघते. वर्गात तिच्या बाकावर पाण्याची बाटली असते, दुपारपर्यंत ती रिकामी होते. पण प्रयोगशाळा अजून वरच्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. ती सहावीत जाण्याआधी प्रयोगशाळा खाली आणायची, असं मी समितीपुढे मांडलंय. शनिवारी विज्ञानाचे सर आणि मी तळमजल्याच्या खोल्यांत टेबलांची मापं घेणार आहोत.