लाल बादलीतली वाळू

माझं काम यंत्रांची थरथर मोजण्याचं. बेअरिंगवर सेन्सर चिकटवायचा, अॅनालायझरच्या पडद्यावर आलेख बघायचा आणि त्यातलं कुठलं शिखर कशामुळे उठलंय ते सांगायचं. सतरा वर्षं झाली. सुरुवातीची दोन-तीन वर्षं सोडली, तर आलेख पाहून तोंडातून ‘अरे वा’ निघाल्याचं आठवत नाही. निघतं ते ‘चला, पुढचा पॉइंट’.

त्या दिवशी एका मोठ्या ब्लोअरसाठी बोलावणं आलं होतं. चार दिवसांपासून तो असा घुमत होता की पलीकडच्या खोलीतल्या माणसांची डोकी उठली होती. पंख्याचं बॅलन्सिंग दोनदा करून झालं होतं, बेअरिंग नवी घातली होती, आता मोटर बदलायची का, इथवर गाडी आली होती. मी सकाळपासून बारा ठिकाणी रीडिंग घेतली. बेअरिंग ठणठणीत, फाउंडेशनचे बोल्ट घट्ट. आलेखात एकच शिखर ताठ उभं होतं, १९७ हर्ट्‌झचं.

त्याचा हिशेब सोपा. पंखा मिनिटाला १४८० फेरे घेतो आणि पाती आहेत ८. म्हणजे १४८० गुणिले ८ भागिले ६०. प्रत्येक पातं जाताजाता हवेला एक थाप मारतं, अशा सेकंदाला सुमारे १९७ थापा. पण त्या तर ब्लोअर बसवला त्या दिवसापासून पडत होत्या. मग बोंबाबोंब आत्ताच का? दुपार झाली तरी मी त्याच शिखराकडे बघत बसलो होतो.

तिथले सगळ्यांत जुने फिटर, ज्यांना सगळे काका म्हणतात, बराच वेळ मागे उभे होते. निवृत्तीला त्यांचे आठ महिने राहिलेले.

‘साहेब, एक गंमत करू का? रागावणार नाही ना?’

मी मान हलवली. खरं सांगायचं तर गंमत करायला मला वेळ नव्हता. काका भिंतीकडे गेले, आगीसाठी टांगलेल्या लाल बादलीतून दोन मुठी कोरडी वाळू काढली, जाळीच्या तुकड्यातून चाळली आणि ब्लोअर ज्यातून हवा ओढतो त्या छातीएवढ्या उंचीच्या सक्शन बॉक्सच्या सपाट पत्र्यावर चिमटीचिमटीने भुरभुरवली. रांगोळी घालावी तशी, अगदी निगुतीने.

वाळू जिवंत झाली. दुसरा शब्द नाही मला. कण उड्या मारत, एकमेकांना ढकलत सरकायला लागले आणि बघता बघता पत्र्यावर रेघा उमटल्या. जिथे पत्रा थरथरतो तिथून वाळू पळते आणि जिथे तो स्थिर असतो तिथे जाऊन बसते. हे मी कॉलेजात शिकलोय, परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. पण डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. पाहायची इच्छाही झाली नव्हती, हे जास्त वाईट.

मी काकांच्या हातातली वाळू घेतली. मग हेल्परने घेतली. कोणी हाताने पत्रा दाबून धरला की रेघ वाकायची, सोडला की परत जागेवर. आम्ही चौघं त्या पत्र्यावर वाकून ‘इकडे टाक, इकडे टाक’ करत होतो आणि नेमके तेव्हाच प्लँट मॅनेजर आत आले. मी चटकन सरळ उभा राहिलो, हात पँटला पुसले. चाळिशी ओलांडलेला माणूस पकडला जातो तेव्हा कसा दिसतो, तसाच दिसलो असेन.

मॅनेजरनी पत्र्याकडे पाहिलं. चष्मा कपाळावर ढकलला. ‘हे आपोआप होतंय?’

‘हो सर.’

‘अजून थोडी टाका ना.’

याला काही नाव आहे का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, क्लाड्नीच्या आकृत्या. या जर्मन माणसाने १७८७ मध्ये त्यांच्यावर पुस्तक काढलं. धातूच्या पत्र्यावर वाळू टाकायची आणि कडेवरून व्हायोलिनचा गज फिरवायचा, हा त्याचा खेळ. १८०९ मध्ये पॅरिसमध्ये नेपोलियनला त्याने तो दाखवला. तेव्हा सम्राट चाळिशीला टेकलेला, तरी तो इतका रंगला की या आकृत्यांमागचं गणित मांडणाऱ्याला बक्षीस लावलं गेलं. तिसऱ्या प्रयत्नात, १८१६ मध्ये, ते सोफी जर्मेन या फ्रेंच गणितज्ञ बाईंनी मिळवलं.

‘नेपोलियनला चालतं, मग मला काय झालं,’ म्हणत मॅनेजरनी बाही वर केली आणि स्वतः बादलीकडे गेले.

चूक दिसली ती हेल्परला. या पत्र्याला आतून तीन आडव्या पट्ट्या वेल्ड केलेल्या आहेत, वरून त्या दिसत नाहीत. पट्टीवर पत्रा हलत नाही, म्हणून वाळूने तीन सरळ रेघा धरायला हव्या होत्या. दोन होत्या. तिसरी निम्म्यापर्यंत नीट आली होती आणि पुढे वाळू थांबायलाच तयार नव्हती. ‘साहेब, ही रेघ तुटलीय,’ तो म्हणाला.

लहानपणी पट्टीचं एक टोक टेबलाच्या कडेवर दाबून दुसरं टर्रर्र वाजवायचा नाद मला होता. बाहेरचा भाग जितका लांब, तितका आवाज जाड. घरच्यांनी अनेकदा पट्टी काढून घेतली होती. इथेही तेच झालं होतं. आतलं वेल्डिंग सुटलं, पत्र्याचा मोकळा भाग वाढला, त्याचा सूर उतरत उतरत नेमका १९७ वर आला आणि पात्यांच्या थापांशी त्याचं जुळलं. बेअरिंग बिचारी निर्दोष होती. सेन्सर मी बेअरिंगवर, मोटरवर, पायावर, सगळीकडे लावला होता. या पत्र्यावर मात्र सकाळभर माझा चहाचा कप ठेवलेला होता.

कारण कळलं तरी ‘बंद करा’ असं लगेच कुणी म्हणालं नाही. पाच-सात मिनिटं तरी गेली असतील.

मग ब्लोअर थांबवला, बॉक्स उघडला. तिसऱ्या पट्टीचं वेल्डिंग वीतभर उकललेलं होतं. ते पुन्हा भरायला दीड तास लागला. संध्याकाळी मी अहवालात लिहिलं, ‘पत्र्याच्या कंपनाची दृश्य पद्धतीने तपासणी केली.’ वाळू हा शब्द लिहायचा धीर झाला नाही.

ब्लोअर पुन्हा सुरू केला तेव्हा सगळे पत्र्याभोवती जमले होते, पलीकडच्या खोलीतलेही चार जण. बातमी पसरली होती. घुमणं पार गेलं होतं. काकांनी उरलेली वाळू भुरभुरवली आणि आम्ही वाकून बघत राहिलो. वाळू पडली तिथेच पडून राहिली. एक कण हलला नाही.

काम फत्ते झालं होतं आणि आमचे सगळ्यांचे चेहरे पडले होते.

‘अजून दुसरा एखादा ब्लोअर आहे का हो?’ मॅनेजरनी विचारलं.