दोन क्रेट आंबे आणि तीन बाजूंनी उघडी शेड

मी सिंधुदुर्गात परिविक्षा अधिकारी आहे. प्रोबेशन ऑफिसर म्हटलं की लोक बँकेतली समजतात, म्हणून थोडक्यात सांगते. अठराच्या आतल्या मुलाच्या हातून गुन्हा घडला की तो बाल न्याय मंडळापुढे येतो, आणि तो कुठल्या घरातला, शाळेत कसा, संगत कोणाची, हे सगळं त्याच्या घरी जाऊन बघायचं आणि लिहून द्यायचं हे माझं काम. आम्ही त्याला गृहचौकशी म्हणतो. मुलगा पहिल्यांदा हजर झाल्यापासून 15 दिवसांत अहवाल मंडळाला द्यावा लागतो. जिल्हा केवढा पसरलेला आहे आणि खाडीपलीकडच्या वाडीत दुपारनंतर एसटी नसते हे पंधरा दिवस ठरवणाऱ्यांच्या डोक्यात नसणार, पण ते असो.

गाव, तालुका सांगणार नाही. बालकाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे आणि ती असायलाच हवी. दोघांना मोठा आणि धाकटा म्हणते. चुलत भाऊ, एकाच घरातले. मोठा एकोणीसचा, धाकट्याला अठरा पूर्ण व्हायला दोन महिने बाकी. गेल्या मार्चमध्ये रात्री बाईकवरून एका करारावर घेतलेल्या कलमाच्या बागेत गेले, दोन क्रेट हापूस उचलले आणि हायवेला लागायच्या आधीच राखणदाराने आणि गावातल्या चौघांनी धरले. कशाला चोरले, तर नाईट टुर्नामेंटची एंट्री फी भरायची होती. दोघांवर आधीचं काहीही नाही, साधी एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नोंदसुद्धा नाही.

आता हा गुन्हा केवढा मोठा, ते आंबे कुठे ठेवले होते त्यावर ठरतं, आणि इथेच माझं डोकं अडकलंय. भारतीय न्याय संहितेत साधी चोरी म्हणजे कलम 303. त्यात 5,000 रुपयांपेक्षा कमी किमतीचा माल, पहिल्यांदाच दोषी ठरलेला माणूस, आणि माल किंवा त्याची किंमत परत दिलेली असेल तर शिक्षा म्हणून समाजसेवा सांगितली आहे. एवढ्या किमतीची चोरी अदखलपात्रसुद्धा आहे, म्हणजे कोर्टाच्या परवानगीशिवाय पोलीस तपासच करू शकत नाहीत. पण तोच माल राहत्या घरातून किंवा माल साठवायच्या इमारतीतून उचलला की कलम 305 लागतं आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. त्यात किमतीचा प्रश्न येत नाही आणि तडजोडही, म्हणजे मालकाने आपसात मिटवून खटला संपवणं, होत नाही.

फिर्यादीत लिहिलंय, 'पॅकिंग शेडमधून', म्हणून 305. मी ती शेड जाऊन बघितली. चार चिऱ्यांचे खांब, वर पत्रा, एका बाजूला हिरवी नेट बांधलेली, बाकी तीन बाजू उघड्या. दार नाही, कडी नाही, कुलूप लावायचं तर कशाला लावणार. खाली गवत पसरलेलं, आढीची, म्हणजे आंबे पिकत घालायची जागा कोपऱ्यात, आणि क्रेट रचतात ते शेडच्या कडेला, अर्धे पत्र्याखाली आणि अर्धे बाहेर, कारण पहाटे टेम्पो तिथेच लागतो. राखणदार नेपाळचा, त्याने मला उभं राहून दाखवलं, हे दोन इथे होते. जिथे त्याने पाय ठेवला तिथे वर पत्रा नव्हता. पंचनाम्यात यातलं काहीच नाही, 'सदर शेडमध्ये' एवढं लिहून खाली पंचांच्या सह्या. ज्याने लिहिला त्याला रात्रीचे दोन वाजले असतील, दमलाही असेल, मला मान्य आहे, पण एका 'मध्ये'ने एका पोराचं काय होतंय ते बघा.

किमतीचं पण तसंच. दोन क्रेटची किंमत 9,000 लावली, मार्चमधल्या पेटीच्या भावाने. मेअखेरीला याच दोन क्रेटचे एवढे पैसे कोणी देणार नाही. बागायतदार खोटं बोलला असं मी अजिबात म्हणत नाही, त्याचं नुकसान मार्चमध्येच झालंय. आणि मुद्देमाल म्हणून जप्त केलेले आंबे पोलीस ठाण्यात बंद खोलीत राहिले, पिकले, सडले, शेवटी पंचनामा करून टाकून दिले. बागायतदाराच्या हातात काहीच आलं नाही. नाशवंत माल फोटो काढून, वजन करून लगेच मालकाला देता येतो, त्याची तरतूद कायद्यात आहे, पण तसा अर्ज कोणीतरी करायला लागतो आणि फिर्यादीला हे कोणी सांगत नाही.

बालकाच्या बाबतीत एरवी एफआयआर होतच नाही, गुन्हा अतिगंभीर असेल किंवा सोबत सज्ञान असेल तरच होतो. बाकी वेळी पोलीस ठाण्याच्या डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे, बस. इथे मोठा बरोबर होता म्हणून धाकट्यावरपण एफआयआर आला. तरी त्याच्यासाठी पुढे वाट आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या तत्त्वांमध्येच लिहिलंय की शक्य तिथे मुलाला कोर्टाच्या प्रक्रियेतून बाजूला वळवायचं. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, परिविक्षेवर म्हणजे देखरेखीखाली सोडणं, सगळं आहे. आणि नंतर दोषी ठरल्याचा कलंक लागत नाही, रेकॉर्ड नष्ट करायचं असतं.

त्या दिवशी मी त्यांच्या खळ्यात बसून धाकट्याचा अहवाल भरत होते. घरात कमावतं कोण, दहावीला किती टक्के, व्यसन काय, मित्र कोण, शेजारी काय म्हणतात. मोठा पायरीवर बसला होता. मी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तोच देत होता, धाकट्याची बाजू सांभाळत होता, आंबे उचलायचं माझ्याच डोक्यात आलं असं दोनदा म्हणाला. आजी सुपारी कातरता कातरता सगळं ऐकत होती. मी कागद गोळा करायला लागले तशी म्हणाली, "बाय, ह्येचा लिवलंस, तेचा कधी लिवतलंस? दोगांनी एकाच टायमाक उचलल्यानी मां?"

मोठ्यासाठी माझ्याकडे फॉर्मच नसतो. 1958 च्या परिविक्षा कायद्याखाली मी सज्ञान आरोपींचेही अहवाल लिहिते, एकवीसच्या आतल्याला शक्यतो तुरुंगात पाठवू नये असं त्या कायद्यातच आहे आणि त्यासाठी कोर्ट आमचा अहवाल मागवतं. पण कधी मागवतं, तर तो दोषी ठरल्यावर. म्हणजे आधी दोषारोपपत्र, मग तारखा, साक्षी, दोषी ठरणं, आणि मग मी वही घेऊन त्याच पायरीवर येणार आणि लिहिणार की मुलगा चांगला आहे, घर कष्टाळू आहे. हे मी आजच बघितलंय की! न्याय संहितेत समाजसेवा आली तेव्हा पेपरात केवढं कौतुक झालं, पण तीही शिक्षाच आहे, दोषी ठरवूनच मिळते. न्यूझीलंडमध्ये पोलिसांचीच स्कीम आहे, पहिल्यांदा किरकोळ गुन्हा केलेल्या सज्ञान माणसाने तो कबूल केला, नुकसान भरून दिलं, ठरलेलं काम केलं की आरोपच मागे पडतो. आपल्याकडे हे वळण अठराव्या वाढदिवसाला बंद होतं.

मोठ्याला बोटीवर जायचंय. घरातले दोन काका बोटीवरच होते, कोर्स झालाय, पासपोर्टचा अर्ज भरायचा होता. कोर्टात फौजदारी खटला चालू असेल तर तेवढ्यावर पासपोर्ट नाकारता येतो, शिक्षा व्हायची गरज नाही. कोर्टाची परवानगी काढून मिळतो, पण त्यासाठी परत वकील, परत अर्ज, परत तारीख.

सगळ्यात जास्त त्रास मला बागायतदाराचं ऐकून झाला. शेड बघायला गेले तेव्हा तो खत टाकत होता. आधी रागातच होता आणि का नसावा, थ्रिप्सने मोहोर गेला, फवारणीचं कर्ज डोक्यावर, वर चोरी. बोलत गेला तसा म्हणाला, "माका ह्येंका जेलात घालूचा नाय हा. पोरांनी येवन बागेत राबान देवचा, आवशी-बापाशीन पैशे देवचे, झाला." त्या रात्री ठाण्यात त्याला हेच कोणी विचारलं असतं तर? त्याच्यापुढे टाईप केलेला कागद आला आणि त्याने सही केली. ज्याचं नुकसान झालं त्याला काय हवंय हा रकाना आपल्या एकाही फॉर्ममध्ये नाही, माझ्या पण नाही. मी तो मजकूर 'इतर माहिती'त घातला.

मंडळाने धाकट्याला समुपदेशन आणि ग्रामीण रुग्णालयात समाजसेवा दिली. केसपेपरच्या खिडकीजवळ म्हाताऱ्या माणसांना रांगेत मदत करायची, व्हीलचेअर ढकलायची. तिथल्या सिस्टर आधी नाराज होत्या, चोर पोरगा आमच्याकडे कशाला म्हणून. नंतर मुदत संपायच्या वेळी त्याच विचारत होत्या, अजून थोडे दिवस येईल का. धाकटा आता आयटीआयला आहे.

मोठ्याच्या दोन तारखा नुसत्या पुढे गेल्या. विधी सेवेकडून मिळालेले वकील तरुण आहेत आणि मनापासून काम करतात. त्यांना मी शेडचं सांगितलं, ते स्वतः जाऊन बघून आले, टेपने खांबांमधलं अंतर मोजतानाचे मोबाईलवर फोटो काढले. 305 वगळून 303 ठेवावं असा अर्ज दिलाय. तो मंजूर झाला तर मालकाला तडजोड करता येते आणि बागायतदार सही करायला तयार आहे, मुलांच्या घरच्यांनी 9,000 बाजूला काढून ठेवलेत. सरकारी वकिलांचा से, म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, अजून यायचाय. मागच्या तारखेला मोठा कॉरिडॉरमध्ये भेटला, पासपोर्टचा फॉर्म भरू का मॅडम म्हणून विचारत होता. त्याला सांगितलं, भर, पण केस लपवू नको, आणि परवानगीच्या अर्जाचं वकिलांना आजच विचारून ठेव.